एक घास मावशीचा

१

मुलगी चार वर्षांची होत आली तरी बोलत नाही, या काळजीनं त्या वर्षी मला झोप लागत नव्हती. अगदीच बोलत नव्हती असं नाही. ‘पानी’ म्हणायची, ‘नको’ म्हणायची, ‘चलो’ म्हणायची, टीव्ही बंद केला की ‘खतम’ म्हणून टाळ्या वाजवायची. आणि ‘आई’ म्हणायची. तेवढा एक शब्द तिच्या तोंडून धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ यायचा. बाकी सगळं बोटानं.

नाव कादंबरी. ठेवताना हौस होती. कादंबरी नावाच्या मुलीला एक वाक्य जमेना, हा विनोद जयदीपनं, माझ्या नवऱ्यानं, एकदाच केला. परत केला नाही.

घरात मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्रजी, पोरीचा गोंधळ होणार नाही तर काय, असं सगळ्यांचं म्हणणं. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, घरी एकच भाषा ठेवा. जयदीप दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेला. तो म्हणाला, मग हिंदीच ठेवू यार, इथंच राहायचंय. मी म्हणाले, मराठी. विचार करून म्हणाले की हट्टानं, ते आजही सांगता येणार नाही. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एससी. केलंय, पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही मला मिळालेली शिकवण. पण कराडहून उठून नोएडाच्या अठराव्या मजल्यावर आलेल्या बाईजवळ स्वतःचं असं फार उरत नाही. जे उरलं होतं ते मी सोडणार नव्हते.

आणि माझं मराठी तरी काय मोठं लागून गेलं होतं. ‘कादू, जल्दी कर, व्हॅन येईल, शूज कुठायत तुझे?’ हे माझं मराठी.

२

कादू घरात खायची नाही. म्हणून सकाळी डबा घेऊन मी तिला खाली लॉबीत न्यायची. पोळीचा कुस्करा, वर तूप आणि गूळ. व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंत जेवढं जाईल तेवढं जाईल.

दिवाळीच्या आधी सोसायटीनं त्या लॉबीत, लिफ्टसमोरच्या भिंतीवर, एक मोठं पेंटिंग लावलं. आमच्याच टॉवरचं. पण आमचा टॉवर ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा आहे, आणि त्या रंगाचा चित्रात एक ठिपकाही नव्हता. भिंती केशरी, सावल्या जांभळ्या, आकाश कैरीच्या फोडीसारखं हिरवं. मजले सरळ नव्हतेच; गप्पांत रमलेल्या बायकांसारखे एकमेकांवर रेललेले. मागून एक्स्प्रेसवे निळा वाहत होता, आणि त्यापलीकडे यमुनेचा काठ, आमच्या कुठल्याही खिडकीतून न दिसणारा, गुलाबी गवतानं भरलेला. रंग ब्रशनं लावलेला नव्हता. सुरीनं थापलेला होता, लोण्यासारखा, इतका जाड की कडेनं बघितलं तर त्याची सावली पडायची. शेजारच्या टॉवरमधल्या गुरलीन बग्गा नावाच्या चित्रकार बाईंनी काढलेलं. मला फार आवडलं. या शहराकडे बघून कुणाला तरी असे रंग सुचतात, याचा मला उगाच अभिमान वाटला.

घास भरवताना माझी आई म्हणायची तेच मी म्हणायची. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. आमच्याकडे चिऊ नाही, काऊही क्वचित. मग एक घास कबुतराचा. एक घास लिफ्टवाल्या काकांचा. एक घास व्हॅनवाल्या भैयाचा. एका सकाळी नावं संपली आणि कादूचं तोंड मिटलं. मी इकडेतिकडे पाहिलं. चित्रात, बरोबर आमच्या मजल्यावर, आमच्याच बाल्कनीत रंगाचा एक राणी कलरचा फटकारा होता. कठड्यावरून कुणीतरी वाकून खाली बघत असल्यासारखा.

“एक घास त्या मावशीचा,” मी म्हणाले.

कादूनं तोंड उघडलं. आ वासला म्हणावं इतकं.

मग रोजच. चिऊ-काऊला ती मान फिरवायची, पण मावशीचं नाव काढलं की घास आत. दोन मावशीचे, तीन मावशीचे, तेवढ्यात हॉर्न. डबा रिकामा परत यायला लागला. मी जिंकले होते. आईपणात असे विजय फार नसतात, म्हणून मी ते मिरवून घ्यायची.

३

नोव्हेंबरात हवा बिघडली आणि शाळा बंद झाल्या. दर वर्षी होतात. बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसेना, मग समोरचं झाडही दिसेना. खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून आम्ही घरात बसलो. कादूला मात्र खाली जायचं असे. बरोबरच होतं तिचं. आता ‘बाहेर’ म्हणावं असं फक्त लॉबीतच उरलं होतं. खरा टॉवर धुरात विरघळला होता आणि खोटा तिथं केशरी पेटून उभा होता.

अशाच एका सकाळी तिनं चित्रातल्या एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “तावदान.”

मी ऐकलं, पण पोचलं नाही.

“तावदानावर धूळ बसलीय,” कादू म्हणाली. “पुसायला हवं.”

माझ्या हातातून डब्याचं झाकण पडलं आणि लॉबीभर गोल फिरत राहिलं. मी तिला उचललं, मुके घेतले, रडले. तावदान हा शब्द मी आयुष्यात कधी उच्चारलेला नाही, हे मला वर गेल्यावर, हात धुताना आठवलं. मी ‘विंडो’ म्हणते. फार तर ‘काच’.

पण आलेलं दान कोण परत करतं. रोज नवा शब्द यायला लागला. कठडा. उंबरा. दिवेलागण. एकदा ‘वळचणीला कबुतरं बसलीत’ म्हणाली, तेव्हा जयदीपनं मला विचारलं, वळचण म्हणजे काय. आणि मी आधी फोनवर अर्थ बघितला, मग त्याला ऐटीत सांगितला. उच्चार तर असे की आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो. दिल्लीकडे वाढलेल्या मुलांना ‘ळ’ म्हणता येत नाही, जयदीपला अजून येत नाही. हिचा ‘ळ’ गोल, घट्ट, कराडच्या बाजारात ऐकावा तसा.

जयदीप म्हणाला, यूट्यूब. मी सगळी हिस्टरी तपासली. सगळी कार्टून्स हिंदी होती. थेरपिस्ट म्हणाल्या, कधीकधी मुलं साठवून ठेवतात आणि एकदम बोलतात. हे शास्त्रीय वाटलं. मी ते धरून ठेवलं.

४

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. कादू दारात येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले.

“थोडं पाणी देता का?” तिनं विचारलं.

मला हसू आलं. मी पेला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, सगळं पाणी प्यायली, पेला ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “बरं झालं. तुम्हाला त्रास दिला.”

जयदीपला सांगितलं तर तो खूश झाला. लोक पैसे भरून मुलांना मॅनर्स शिकवतात, म्हणाला. त्याला ती ‘पापा’ आणि ‘तू’च म्हणत होती. तुम्ही फक्त मला.

मी आठवायला लागले की ती मला ‘आई’ कधी म्हणाली होती. शेवटचं कधी. आठवेना. इतके नवे शब्द येत होते की गेलेला एक शब्द मी मोजलाच नव्हता.

मग एका सकाळी लिफ्टचं दार लॉबीत उघडलं आणि ती हाक आली, जुनी, स्वच्छ. “आई.” मी “ओ” म्हणाले. अगदी छातीतून म्हणाले. कादू माझ्या हातातून हात सोडवून पुढे धावली, चित्राच्या भिंतीला दोन्ही तळवे लावले आणि वर, आमच्या मजल्याकडे बघत परत म्हणाली, “आई. आले.”

त्या दिवशी घरी मी तिला मोबाइलमध्ये माझाच फोटो दाखवला. हे कोण, विचारलं. तिनं फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं, हळूच म्हणाली, “या सांभाळतात मला.”

मूल हे बोलतं तेव्हा काय वाटतं, ते मी लिहिणार नाही. राग आला, एवढं लिहिते. भीती नंतर आली. आधी राग.

५

मी गुरलीन बग्गांना खाली बोलावलं. मोकळी, मोठ्यानं हसणारी बाई. नखांत फिरोजी रंग. मी तिला कादूचं काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार. फक्त विचारलं की ती बाल्कनीतली बाई कुणाला बघून काढलीत.

“बाई? मैं इन्सान नहीं बनाती जी,” गुरलीन म्हणाली. “मकान बनाती हूँ. सडक, पेड, आसमान. इन्सान से पेंटिंग छोटी हो जाती है.”

मी बोट दाखवलं. ती हसत जवळ गेली. तारेवरची साडी असेल, म्हणाली. मग चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि हसणं थांबलं. तिनं सांगितलं ते असं, की ती आधी सगळा कॅनव्हास लाल करते, मग वर सुरीनं एकेक घर चढवते, आणि प्रत्येक चित्रात एक बाल्कनी रिकामी सोडते. चित्राला श्वास घ्यायला. या चित्रात तिनं सोडलेली रिकामी जागा ती हीच. तिथं तिनं राणी रंग लावलेला नव्हता. तो रंग तिच्याकडे त्या महिन्यात नव्हताच.

मग तिनं त्या फटकाऱ्यावर अंगठा टेकवला.

अ‍ॅक्रिलिक रंग कितीही जाड लावला तरी चार दिवसांत वाळतो, एवढं मला ठाऊक होतं. चित्र लावून महिना झाला होता. गुरलीनचा अंगठा राणी रंगानं ओला होऊन परत आला. ती अंगठ्याकडे बघत राहिली. कमीजला पुसला. “मौसम है, नमी है,” एवढंच म्हणाली, आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्यानं निघून गेली. तिला बाहेर, स्वतःच्या टॉवरकडे जायचं होतं. जिना वर जातो.

६

मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. चित्र काढा म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, मुलीवर परिणाम होतो. कसला परिणाम? बोलायला लागली, मी म्हणाले. ऐकताना मलाच ते कसं वाटलं असेल, विचार करा.

“तो फिर प्रॉब्लेम क्या है मॅडम?” ते म्हणाले. चांगला माणूस. मला चहा विचारला.

मग मी तिला खाली नेणंच बंद केलं. डबे परत भरलेले राहायला लागले. कादूनं हट्ट केला नाही, रडली नाही, ते मला आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी कपडे काढायला बाल्कनीत गेले तर ती कठड्याला हनुवटी लावून उभी. समोर पांढरा धूर, खाली पांढरा धूर. आणि ती वाकून त्यात कुणाला तरी सांगत होती, “येते हं. सोडवतेय.” कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या खालच्या कोपऱ्यातल्या दोन गाठी सुटलेल्या होत्या.

मी जाळी बांधली. बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःशी नीट बोलले. सुखदा, म्हणाले, जंतू दिसत नाहीत म्हणून नसतात असं तू कधी मानलं नाहीस. ते कुठून आले, एवढंच विचार. कुणी वाढवले. कशावर.

संध्याकाळी कराडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. नात कशी बोलते हे ऐकून ती हरखली होती. जेवते का, विचारलं. मी म्हणाले, नाही. “चिऊ-काऊ करून बघ की गं,” आई म्हणाली. “तू पण अशीच होतीस. पण शेवटचा घास माझ्या नावाचा म्हटला की गुपचूप खायचीस. शेवटचा आईचा. तो घेतल्याशिवाय मी तुला सोडायची नाही.”

मी फोन ठेवला.

शेवटचा आईचा. माझ्याही ओठांवर होता तो, यायचाच होता. पण रोज मावशीपाशी व्हॅनचा हॉर्न वाजायचा, मी डबा मिटायची आणि पळायची; शाळा बंद झाल्यावरही तिथंच थांबायची सवय राहिली. इतक्या सकाळी मी त्या भिंतीसमोर बसून कुणाला तरी नाव ठेवून, तूपगुळाचे घास मोजून दिले होते. आणि माझा, आईचा, एकदाही दिला नव्हता. ती जागा मीच रिकामी सोडली होती.

७

दुसऱ्या दिवशी मी कुस्करा केला. तूप नेहमीपेक्षा जास्त. कादूला म्हणाले, चल खाली. ती लगेच चपला घालायला लागली.

लॉबीत दिवे लागलेले होते, सकाळ असून. मी चित्राकडे पाठ करून जमिनीवर बसले, अगदी भिंतीला टेकून म्हणावं इतकी. कादू माझ्यासमोर. तिच्या मागे लिफ्टचं स्टीलचं दार, आणि त्या दारात सगळं फरकाटल्यासारखं दिसत होतं: कादूची पाठ, मी, माझ्यामागे केशरी ढीग.

“तुम्ही वर जा आता,” कादू मला म्हणाली. तिची नजर माझ्या डोक्यावरून वर. “मी आईकडे थांबते.”

“जेवून घे आधी,” मी म्हणाले. पहिला घास केला. चिऊचा नाही, काऊचा नाही. “हा घास आईचा.”

तिनं तोंड मिटलं. मी तो स्वतः खाल्ला. दुसरा केला. “हा पण आईचा.” तोही मीच खाल्ला. तिला हे नवीन होतं. ती माझ्याकडे बघायला लागली, तोंडाकडे. मी खात राहिले, आणि चावता चावता बोलत राहिले, मागे न बघता, मागच्या त्या मावशीशी. काय बोलले त्यातलं थोडं आठवतं. तुझं मराठी छान आहे, म्हणाले. माझ्यापेक्षा छान आहे. ठेव तुझ्याजवळ. माझी पोर तोडकंमोडकं बोलेल, अर्धं हिंदी बोलेल, ‘ळ’ला ‘ल’ म्हणेल, नाहीतर बोटानं दाखवेल जन्मभर. मी समजून घेईन. तिला काय हवं ते मला शब्दांशिवाय कळत होतं. तुझी गरज लागली नव्हती.

आमच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई मास्क लावून आल्या, आमच्याकडे बघून “अच्छा जी, नाश्ता” म्हणाल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. दार मधोमध उघडलं. दारातलं चित्र दोन तुकडे होऊन बाजूला गेलं. त्या आत गेल्या. दार मिटलं.

मिटल्यावर दारात केशरी ढीग तिथंच होता. पण त्याच्यापुढे, माझ्या उजव्या खांद्याशी, राणी रंगाचं काहीतरी वाकलेलं होतं. स्टीलमध्ये कुणालाच चेहरा नसतो, मला नव्हता, कादूला नव्हता. त्यामुळे त्यालाही नसणार, असं मी म्हणते. तोंड मात्र होतं. ते उघडं होतं. ओरडण्यासाठी उघडतात तसं नाही. घासासाठी उघडतात तसं.

माझ्या मानेला ओल्या रंगाचा वास लागला.

मी वळले नाही. डब्यात एक घास उरला होता. तो मी नीट गोळा केला, कडेचं तूप बोटानं निपटून घेतलं. कादूनं तोंड उघडलं होतं. दारात दोन तोंडं उघडी होती.

“शेवटचा आईचा,” मी म्हणाले, “आणि आई मी आहे,” आणि घास कादूच्या तोंडात घातला. तोंडावर हात धरला. ती चावत होती. गिळला, हे मला तळहाताला कळलं.

पुढे काय झालं ते जयदीपला मी असं सांगते, की ती मला ‘आई’ म्हणाली. थेरपिस्टलाही तेच सांगते. त्यांच्या मते मुलगी परत मागे गेली, शब्द विसरली, पुन्हा सुरुवात करावी लागेल. करू. चित्र अजून तिथंच आहे. मी रोज त्याच्यासमोरून लेकीचा हात धरून जाते, जिन्यानं नाही, आणि मान खाली घालून तर मुळीच नाही.

ती ‘आई’ म्हणाली, यात खोटं काही नाही. फक्त वाक्य तेवढंच नव्हतं. कादूनं माझा हात तोंडावरून बाजूला केला, माझ्या खांद्यावरून एकदा मागे बघितलं, मग दोन्ही हातांनी माझा कान धरून त्यात म्हणाली:

“आई, मौसीला और चाहिए. तू मत देना.”